सहीपर्यंत पोहोचवणारा अभ्यासक्रम: संशोधन-नैतिकतेच्या एका ऑनलाइन प्रशिक्षणाचे परीक्षण

घरोघरी जाऊन आरोग्यविषयक पाहणी करणाऱ्या पथकांना तयार करणे हे गेली बरीच वर्षे माझे काम आहे. पथकात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाकडे संशोधनातील नैतिकतेचे प्रमाणपत्र असावे, अशी अट आता बहुतेक प्रकल्पांत असते. त्यासाठी ज्या ऑनलाइन अभ्यासक्रमाकडे मी इतरांना पाठवत आले, तो मी स्वतः मात्र कधी अथपासून इतिपर्यंत पाहिला नव्हता. गेल्या महिन्यात त्याचे आठही घटक, प्रत्येक घटकानंतरची प्रश्नमंजुषा आणि शेवटचे प्रात्यक्षिक मी पूर्ण केले. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण पुढे मांडलेल्या उणिवा या एकाच अभ्यासक्रमाच्या नाहीत. याच धाटणीचे आणखी दोन अभ्यासक्रम मी चाळले आहेत आणि त्यांतही त्या कमीअधिक प्रमाणात आहेत.

इतिहासाचा घटक मनापासून आवडला. न्यूरेम्बर्ग संहिता १९४७, हेलसिंकी जाहीरनामा १९६४, बेलमाँट अहवाल १९७९ अशी, माणसांवरील संशोधनाचे नियम घालून देणाऱ्या दस्तऐवजांची सनावळी पाठ करून घेण्याऐवजी प्रत्येक दस्तऐवज कोणत्या जखमेतून निघाला हे तो सांगतो. हेन्री बीचर या भूलतज्ज्ञाने १९६६ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात अनैतिक संशोधनाची २२ उदाहरणे मांडली आणि ती बहुतांशी प्रतिष्ठित संस्थांमधली होती. नाझी डॉक्टरांवरील खटल्यातून निघालेली न्यूरेम्बर्ग संहिता येऊन तेव्हा जवळजवळ दोन दशके झाली होती, तरीही ती फक्त युद्धगुन्हेगारांसाठी आहे असेच अनेक डॉक्टर मानत होते. ही गोष्ट अभ्यासक्रमाने ठसठशीतपणे सांगितली आहे, आणि नियम लिहिला गेला म्हणजे तो आपल्याला लागू झाला असे कोणी आपोआप मानत नाही, हे शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळते.

टस्कीगीच्या प्रकरणावर जवळपास तासभर खर्च केला आहे आणि तेवढा तो करायलाच हवा होता. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर हा अभ्यास चालला. त्यांतील ३९९ जणांना सिफिलिस होता आणि २०१ जण तुलनेसाठी होते. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हा या रोगावरचा प्रमाणित उपचार ठरला, तरी तो त्यांना दिला गेला नाही. पाठीच्या कण्यातून द्रव काढण्याची वेदनादायक तपासणी म्हणजे खास मोफत उपचाराची शेवटची संधी आहे, असे सांगणारे पत्र त्या माणसांना पाठवले गेले होते. अभ्यासक्रमात ते पत्र पडद्यावर दाखवतात आणि काही क्षण निवेदन थांबते. हे थांबणे मला फार योग्य वाटले.

त्यापुढे काढलेला निष्कर्ष मात्र अपुरा आहे. अभ्यासक्रम म्हणतो की तेथे माहितीपूर्ण संमती, म्हणजे सगळे समजून दिलेला होकार, नव्हती. ते खरेच आहे. पण तेथे सह्या अजिबात नव्हत्या असे नाही. अंत्यसंस्काराच्या खर्चाची हमी देऊन त्या बदल्यात शवविच्छेदनासाठी नातेवाइकांची परवानगी रीतसर घेतली जात होती. तपासणीच्या दिवशी गरम जेवण होते, ने-आण करायला गाडी होती, आणि वर्षानुवर्षे घरी येणारी, सगळ्यांना नावाने ओळखणारी परिचारिका होती. हा अभ्यास सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने चालवला होता, आणि माणसे ज्या आपलेपणामुळे कोणत्याही आरोग्य कार्यक्रमावर विश्वास ठेवतात, त्याच आपलेपणावर तो चाळीस वर्षे टिकला. आमच्यासारख्या दारात जाणाऱ्या लोकांसाठी या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा धडा हा आहे, आणि तोच येथे निसटला आहे.

प्रात्यक्षिक हा या प्रशिक्षणाचा सर्वांत सरस भाग. सहा पानांचे नमुना संमतीपत्र वैद्यकीय क्षेत्राशी संबंध नसलेल्या एखाद्या व्यक्तीला वाचून दाखवायचे, मग तिला काय समजले ते तिच्याच शब्दांत सांगायला लावायचे आणि ते ध्वनिमुद्रित करून पाठवायचे. मी एका ओळखीच्या बाईंना ते वाचून दाखवले. वाचायला बावीस मिनिटे लागली. तिसऱ्या पानावर ‘सदर अभ्यासातून सहभागी व्यक्तीस थेट वैद्यकीय लाभ अपेक्षित नसून प्राप्त निष्कर्ष केवळ एकत्रित स्वरूपात वापरले जातील’ असे वाक्य होते. ते ऐकून त्या शांतपणे म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही रक्त नेणार आणि मला काही सांगणार नाही.” संपूर्ण संमतीपत्रात इतके स्पष्ट वाक्य एकही नव्हते. प्रत्येक संशोधकाने आपले संमतीपत्र संशोधनाला मान्यता देणाऱ्या नैतिकता समितीकडे धाडण्याआधी हा प्रयोग एकदा करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

त्यांच्या त्या वाक्याने मला एक जुनी पाहणी आठवली. रक्तक्षयाची पाहणी होती. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा, हातातल्या छोट्या यंत्रात घालायचा आणि मिनिटभरात उमटणारा हिमोग्लोबिनचा आकडा प्रश्नावलीत नोंदवायचा, एवढेच काम. संमतीपत्रावर सही झालेली होती, समितीची मान्यता होती, गोपनीयतेची व्यवस्था चोख होती. एका घरातल्या बाईंच्या तपासणीत यंत्रावर ६.८ उमटले. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीत ८ च्या खाली आकडा आला की जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार तो तीव्र रक्तक्षय ठरतो, हे पथकातल्या प्रत्येकाला पाठ होते. त्या बाईंनी आकडा पाहिला आणि विचारले, “कमी आहे का?” आमच्या कार्यपद्धतीत आकडा सांगण्याची तरतूद नव्हती आणि देण्यासाठी संदर्भ चिठ्ठीही नव्हती. एकदा दवाखान्यात दाखवून घ्या, असे काहीतरी मोघम बोलून आम्ही पुढच्या घरी गेलो. पथकाची प्रमुख मी होते. कागदोपत्री त्या दिवशी कोणतीही चूक झाली नव्हती, आणि ही गोष्ट मला आजही सलते.

म्हणून तपासणीचे निष्कर्ष सहभागी व्यक्तीला कळवण्याविषयी हा अभ्यासक्रम काय सांगतो, याकडे माझे बारीक लक्ष होते. त्यावर एकच पान आहे आणि त्यावर ‘शक्य असेल तेथे कळवावे’ असे लिहिले आहे. या विषयावर शिकवण्याजोगे इतके साहित्य उपलब्ध असताना हे फार तोकडे वाटते. अमेरिकेत १९८८ पासून नवजात बाळांच्या इतर तपासण्यांसाठी घेतलेल्या रक्ताचा उरलेला अंश, नावाचा दुवा काढून टाकून, एचआयव्हीसाठी तपासला जात होता. बाळाच्या रक्तातली प्रतिपिंडे आईचा संसर्ग दाखवतात, त्यामुळे स्त्रियांमधील प्रसाराचा अंदाज मिळत असे. आणि कोणाला विचारायचे नसल्याने नकाराचा प्रश्न नव्हता, म्हणून संख्याशास्त्राच्या दृष्टीने माहिती उत्तम होती. सुरुवातीला आईला सांगूनही तिच्यासाठी आणि बाळासाठी फारसे करता येत नव्हते. पुढे १९९४ मध्ये झिडोव्हुडिन या एचआयव्हीवरील औषधाच्या चाचणीत आईकडून बाळाला होणाऱ्या संसर्गाचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशावरून आठ टक्क्यांच्या आसपास उतरल्याचे दिसले. तोपर्यंत केवळ पद्धतीचा भाग असलेले ते न कळवणे त्यानंतर वेगळ्याच अर्थाचे झाले. १९९५ मध्ये, मोठ्या वादानंतर, ही पाहणी स्थगित झाली. कागदावर पाहणी तीच होती, फक्त बाहेर उपचार बदलला आणि तिचे नैतिक वजन बदलले. अभ्यासक्रमात या प्रकरणाचा उल्लेखही नाही.

त्याच औषधाचा पुढचा अध्याय मात्र चांगला घेतला आहे. कमी खर्चाच्या, अल्प मुदतीच्या उपचाराची चाचणी आफ्रिकेतील काही देशांत आणि थायलंडमध्ये प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या पण तशाच दिसणाऱ्या गोळीशी, तुलना करून घेतली गेली आणि १९९७ मध्ये त्यावरून जगभर वाद पेटला. परिणामकारक उपचार ठाऊक असताना प्लासिबो देणे समर्थनीय कसे, असा एका बाजूचा प्रश्न होता. जेथे तो उपचार पोहोचतच नाही तेथे परवडणाऱ्या पर्यायाचे उत्तर लवकर मिळणे हेच लोकांच्या हिताचे आहे, असे दुसरी बाजू म्हणत होती. दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडल्या आहेत आणि निवेदकाने निकाल देण्याची घाई केलेली नाही. त्यालाच जोडून २०१५ मधील गिनीच्या इबोला लस चाचणीचे उदाहरण येते. नवा रुग्ण सापडला की त्याचे संपर्क आणि त्यांचे संपर्क मिळून एक वर्तुळ धरायचे. चिठ्ठी टाकल्याप्रमाणे काही वर्तुळांना लगेच लस द्यायची आणि काहींना २१ दिवसांनी. प्लासिबो कोणालाच दिले नाही. मधल्या टप्प्यावरचे निष्कर्ष स्पष्ट दिसताच जुलै २०१५ मध्ये विलंबाचा गट बंद केला आणि सर्वांना लगेच लस देणे सुरू झाले. चाचणीची रचनाच अशी करता येते की कोणाच्याही वाट्याला येणारे नुकसान आधीच कमी होईल, हे माझ्या पथकातल्या तरुण मुलामुलींना या उदाहरणावरून पटकन समजले.

सातव्या घटकात, म्हणजे संशोधन संपून प्रत्यक्ष आरोग्यसेवा सुरू होते तेथे, हा अभ्यासक्रम सर्वांत कमजोर आहे. रोगसर्वेक्षण, विलगीकरण, सक्ती, नोंदवहीतली नावे हे सगळे चाळीस मिनिटांत उरकले आहे. मेरी मॅलनची कहाणी त्यात आहे. स्वतः कधी आजारी न पडलेली, पण विषमज्वराचे जंतू बाळगणारी ही स्वयंपाकीण १९०७ ते १९१० आणि पुन्हा १९१५ पासून १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत न्यूयॉर्कजवळच्या एका बेटावर अलग ठेवली गेली. तिच्यासारखे इतर निरोगी वाहक तेव्हा ठाऊक होते आणि त्यांना तिच्यासारखे जन्मभर डांबलेले नव्हते. इतक्या गुंतागुंतीच्या प्रकरणावर प्रश्नमंजुषेत प्रश्न कोणता, तर विलगीकरण योग्य होते की अयोग्य. आणि त्याचे एकच उत्तर बरोबर धरलेले. तिला पोटापाण्याचे दुसरे साधन कोणी मिळवून द्यायला हवे होते, कमी जाचक उपाय कोणते होते, किती काळानंतर फेरविचार व्हायला हवा होता, हे विचारायची जागाच ठेवलेली नाही. रोगसर्वेक्षणातील नैतिक प्रश्नांवर जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये १७ मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांचाही पत्ता नाही. एकाच घरातून, एकाच सुईने घेतलेले रक्त ‘संशोधन’ म्हटले की समितीसमोर जाते आणि ‘कार्यक्रम’ म्हटले की जात नाही, ही रोज भेडसावणारी विसंगती तर कोठेच चर्चेला आलेली नाही.

तांत्रिक बाजू समाधानकारक आहे. चित्रफिती मोबाइलवर सहज चालतात, निवेदनाची संहिता उतरवून घेता येते, आणि मध्येच थांबल्यास पुढच्या वेळी तेथूनच सुरुवात होते. परीक्षा मात्र ढिली आहे. नापास झाल्यास लगेच तेच प्रश्न, त्याच क्रमाने पुन्हा समोर येतात, त्यामुळे दुसऱ्या प्रयत्नात कोणीही उत्तीर्ण होतो.

नव्याने पथकात येणाऱ्यांनी हा अभ्यासक्रम जरूर करावा. पहिले चार घटक आणि प्रात्यक्षिक यांसाठी तर नक्कीच. प्रकल्पप्रमुखांनी आणि समितीवर बसणाऱ्यांनी मात्र तेवढ्यावर थांबू नये. आमच्या प्रशिक्षणात मी आता त्याला अर्ध्या दिवसाची जोड दिली आहे. त्यात संमतीपत्र हाती घेण्याआधी पथकाने एक कोरा कागद घ्यायचा आणि पाहणीतल्या प्रत्येक तपासणीपुढे लिहायचे: आकडा धोक्याचा निघाला तर त्या घरातून बाहेर पडण्यापूर्वी आपण काय सांगणार, कोणती चिठ्ठी देणार, आणि चिठ्ठी घेऊन ती व्यक्ती जेथे जाईल तेथे तिला कोण भेटणार. गेल्या खेपेस हिमोग्लोबिनपुढचा तिसरा रकाना दोन दिवस रिकामा राहिला. तो भरेपर्यंत आम्ही पाहणी सुरू केली नाही.