फ्रँकफुर्टचा दिवसभराचा थांबा: श्टेडेल संग्रहालयासाठी शहरात जावे का?

मुंबईहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या आपल्या बहुतेक प्रवाशांना फ्रँकफुर्ट माहीत असते ते विमान बदलण्याचे ठिकाण म्हणून, आणि शहरात काय आहे असे विचारले तर बँकांच्या उंच इमारतींपलीकडे फारसे काही सांगता येत नाही. माझे मत असे, की थांबा दिवसाचा आणि किमान आठ तासांचा असेल, तर विमानतळावरच्या दुकानांतून फेऱ्या मारण्यापेक्षा सरळ शहरात जावे, मात्र मुख्यतः एकाच गोष्टीसाठी जावे. ती गोष्ट म्हणजे माइन नदीच्या दक्षिण तीरावरचे श्टेडेल संग्रहालय. बाकीचे वाटेत येईल तेवढे पाहावे.

बेत आखण्याआधी व्हिसाचा विचार करणे भाग आहे. विमानतळाबाहेर पडायचे तर भारतीय पारपत्रधारकाला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणारा व्हिसा, लागतो. अमेरिकेचा व्हिसा जवळ आहे एवढ्यावर शहरात जाता येत नाही. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल आणि पुढे शेंगेनबाहेरच्या लंडनला जाऊन पुन्हा शेंगेन देशांत परतायचे असेल, तर तो एकमेव प्रवेश या थांब्यातच खर्ची पडेल, हेही ध्यानात ठेवावे.

शहरात जाणे मात्र अगदी सोपे आहे. पहिल्या टर्मिनलच्या खालीच रेल्वेस्थानक असून तिथून एस-८ आणि एस-९ या लोकल गाड्या सुमारे दहा-पंधरा मिनिटांत मुख्य स्थानकावर पोहोचवतात. दिवसभराचे तिकीट घ्यायचे असल्यास ते विमानतळासह असलेले घ्यावे, कारण केवळ शहरापुरते तिकीट विमानतळापर्यंत चालत नाही. हातातली बॅग मुख्य स्थानकावरच्या लॉकरमध्ये ठेवावी आणि स्थानकासमोरच्या गजबजलेल्या, काहीशा कळकट गल्ल्यांत न शिरता नदीकडे वळावे. होल्बाइन पादचारी पूल ओलांडला की संग्रहालय समोरच येते.

योहान फ्रीडरिश श्टेडेल या व्यापारी-सावकाराने १८१५ साली केलेल्या मृत्युपत्रातून ही संस्था उभी राहिली आणि नदीकाठची आजची इमारत १८७८ साली उघडली. सुमारे सातशे वर्षांची युरोपीय चित्रकला इथे आहे, आणि म्हणूनच सारे काही पाहण्याचा हट्ट धरू नये. जुन्या चित्रकारांच्या दालनांना दोन तास द्यावेत. यान फान आइकची बाळ येशूला स्तनपान देणारी मेरी पाहताना चेहऱ्याइतकेच खिडकीकडच्या फळांकडे आणि कोनाड्यातल्या काचेच्या सुरईकडे लक्ष द्यावे. रेम्ब्रांटचे १६३६ सालचे बायबलमधल्या सॅमसनचे डोळे फोडण्याचे दृश्य आकाराने प्रचंड आणि आशयाने अंगावर येणारे आहे. लहान मुले बरोबर असतील तर तिथून जरा लवकर पुढे सरकावे.

माझ्या लेखी मात्र प्रवेशशुल्क वसूल होते ते डच चित्रकार व्हर्मेरच्या ‘भूगोलतज्ज्ञा’समोर. चित्र जेमतेम अर्धा मीटर उंचीचे आहे. जपानी धर्तीचा झगा घातलेला एक तरुण विद्वान हातात कर्कटक धरून नकाशावर ओणवा झाला आहे, पण त्याची नजर नकाशावर नसून खिडकीच्या उजेडाकडे आहे, जणू मनातला हिशेब अजून जुळायचा आहे. त्याच्या मागच्या कपाटावर पृथ्वीगोल ठेवला आहे, आणि चित्रकाराने तो हिंदी महासागर समोर येईल असा फिरवून ठेवला आहे. चित्रावरचे साल आहे १६६९. त्या सुमारास डच ईस्ट इंडिया कंपनीची एक वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती, आणि डेल्फ्टमधल्या त्या शांत खोलीतल्या माणसाचे कुतूहल कोणत्या सागरी व्यापारावर पोसले गेले होते, हे मराठी प्रेक्षकाला कुणी समजावून सांगावे लागत नाही. असे चित्र कधी दुसऱ्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी पाठवलेलेही असू शकते, त्यामुळे निघण्यापूर्वी संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

टिशबाइनने रंगवलेले जर्मन कवी गटेचे सुप्रसिद्ध भव्य चित्र इथेच आहे. रोमच्या परिसरातल्या अवशेषांवर रेललेला कवी मोठा रुबाबदार दिसतो, पण पायांकडे नीट पाहिले तर दोन्ही पाय डावेच वाटतात. समकालीन कलेसाठी २०१२ साली बागेखाली बांधलेली दालने वास्तुरचना म्हणून देखणी आहेत; छतातल्या १९५ गोल झरोक्यांतून दिवसाचा उजेड खाली येतो. तरीही रात्रीच्या विमानप्रवासाने शिणलेल्या माणसाने ती वगळली तरी चालतील. नदीकाठच्या अनेक संग्रहालयांचे मिळून एक तिकीट मिळते, ते सलग दोन दिवस चालते. एका दिवसाच्या पाहुण्याला त्याचा मोह होतो, पण त्या भरात तीन-चार ठिकाणी धावपळ करून एकही धड पाहून होत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे सोमवारी श्टेडेल बंद असते. थांबा सोमवारी येत असेल तर या बेताचा कणाच मोडतो.

तिथून नदीकाठाने चालत लोखंडी पादचारी पुलावरून जुन्या शहरातल्या र्‍योमर चौकात यावे. दुसऱ्या महायुद्धातील १९४४ च्या बॉम्बहल्ल्यांत जुने शहर बेचिराख झाले, आणि त्याच्या काही भागात ३५ घरे नव्याने उभारून २०१८ मध्ये हा परिसर खुला झाला. त्यांतली १५ घरे जुन्यांच्या हुबेहूब प्रतिकृती आहेत. काम निगुतीने केले आहे, पण सारे इतके कोरे करकरीत आहे की अर्ध्या तासाहून अधिक वेळ मी तिथे कोणालाही सुचवणार नाही. १८४८ ची जर्मन राष्ट्रीय सभा जिथे भरली ते पाउलकिर्श हे लंबगोल सभागृह जवळच आहे.

जेवणासाठी क्लाइनमार्कटहाले ही बंदिस्त मंडई उत्तम. रविवारी मात्र ती बंद असते. फ्रँकफुर्टच्या हिरव्या सॉससाठी लागणाऱ्या सात पाल्यांच्या जुड्या इथे कागदात गुंडाळून विकायला असतात आणि त्यांत आपल्या आंबट चुक्याच्या कुळातला एक पाला असतो. हा थंड सॉस उकडलेल्या बटाट्यांबरोबर आणि अंड्यांबरोबर खातात. अंडे न खाणाऱ्यांनी सॉसमध्येही अंडे घातले आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

वेळ उरलाच तर गटेचे जन्मघर पाहावे. हेही १९४४ मध्ये नष्ट होऊन पुन्हा बांधलेले आहे, पण आतल्या वस्तू युद्धकाळात आधीच हलवल्यामुळे वाचल्या, आणि म्हणून इथे प्रतिकृतीचा कोरडेपणा जाणवत नाही. शाकुंतल डोक्यावर घेऊन तो नाचला, ही आपल्याकडची आवडती कथा बाजूला ठेवली तरी १७९१ साली फोर्स्टरचा जर्मन अनुवाद वाचून त्याने शकुंतलेवर चार ओळी लिहिल्या, हे खरेच आहे. या घरापासून हाउप्टवाखे स्थानक चालत काही मिनिटांवर आहे आणि एस-८, एस-९ तिथूनच थेट विमानतळाला जातात. पुढचे विमान शेंगेनबाहेरचे असेल तर ते सुटण्याच्या किमान तीन तास आधी विमानतळाची गाडी पकडलेली असावी.