आधी नवा पाय, की आधी सायकल?

गुडघ्याखाली पाय गेलेल्या माणसानं पुन्हा सायकल चालवायची म्हटलं, की घरचे आधी महागड्या पायाची चौकशी करतात. माझं मत उलटं आहे. आधी सायकल बदला, मग सॉकेटची, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या वाटीची, कड, आणि सायकलपुरता वेगळा पाय अगदी शेवटी.

माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही. बडोद्यात दांडिया बाजारातून मकरपुऱ्याला रोज सायकलनं जातो. सुरुवातीला पॅडल वर आलं की गुडघा इतका दुमडायचा, की सॉकेटची मागची कड गुडघ्यामागच्या शिरांत रुतायची. संध्याकाळी लायनर, म्हणजे सॉकेटच्या आतला मऊ मोजा, काढला की तिथे लाल वळ. इलाज सापडला जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्याकडे. १७० मिलिमीटरच्या डाव्या क्रँकला, म्हणजे पॅडल ज्याला लागतं त्या दांड्याला, त्यानं १५० वर दुसरं भोक पाडून आटे काढून दिले. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे त्याला आधीच सांगा. क्रँक भरीव पोलादी असेल तरच हे करा. पोकळ असेल तर सरळ आखूड क्रँक विकत घ्या. आता पॅडल वर आलं तरी पाय दोन सेंटिमीटर खाली राहतो, गुडघा तेवढा कमी दुमडतो. उजवा क्रँक होता तसाच आहे, आणि सीटची उंचीही चांगल्या पायाच्या मापानंच ठेवली आहे.

एवढं करूनही रुतत असेल, तर पाय बनवणाऱ्याकडून मागची कड थोडी उतरवून घ्या. फार उतरवली तर चालताना सॉकेटची पकड सैल होते. वेगळा पाय खरा उपयोगी पडतो तो इथे: त्याची कड हवी तेवढी खाली घेता येते, पाऊल कडक ठेवता येतं. पण तो घालून भाजी आणायला जाता येत नाही. पावागडपर्यंत जाऊन यायचं असेल, तर खर्च करा. ऑफिससाठी नको.

१९६८ साली घडलेला जयपूर फूट अनवाणी चालायला, मांडी घालून बसायला उत्तम. पण त्याचं रबरी पाऊल पुढे वाकतं. चवड्यानं पॅडल मारलं तर जोर वाया जातो. पावलाचा मधला भाग, कृत्रिम पायाच्या नळीजवळचा, पॅडलवर ठेवा.

पाऊल निसटू नये म्हणून मी एकदा पट्टा घट्ट आवळला होता. रावपुऱ्याच्या सिग्नलला डावीकडे कललो, पाय सुटेना, सायकलसकट आडवा झालो. टाच फिरवून सुटणारं क्लिपवालं पॅडलही कृत्रिम पायाला अवघड जातं. आता पट्ट्याविना, पॅडलला नुसती चवडा अडवणारी पुढची टोपी लावली आहे. थांबताना उजवा पाय टेकतो, म्हणजे वाहनांच्या बाजूला, म्हणून सिग्नलच्या बरंच आधी कडेला येतो.

मांडीपासून पाय नसेल तर हिशोब वेगळा. तिथे कृत्रिम गुडघा मोकळा फिरायलाच हवा. लॉकवाल्या गुडघ्यानं पॅडल फिरत नाही, आणि सॉकेटची वरची कड सीटवर आपटते. अरुंद सीटनं ते बरंच कमी होतं. काही जण कृत्रिम पाय काढून एकाच पायानं चालवतात. शर्यतीत ते जमतं, पण बाजारात उतरल्यावर कुबडी लागतेच. हैदराबादचे आदित्य मेहता मांडीपासून पाय गमावल्यावर देशासाठी सायकल शर्यतीत उतरले. जमणार नाही असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

उन्हाळ्यात, कुठलाही पाय असो, अर्ध्या तासानं सावलीत थांबून लायनरमधला घाम पुसा. ओला लायनर घसरतो, कातडी सोलते, आणि मग आठवडाभर सायकल भिंतीला टेकलेली राहते.