टेस्टोस्टेरॉन बूस्टर कॅप्सूल, 3 महिन्यांचा कोर्स : वाढला तो फक्त रिपोर्टमधला आकडा

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण असल्या कॅप्सूल शंभर नावांनी मिळतात आणि डबी उलटी करून वाचली की आत जवळपास तेच, मेथीचा अर्क, अश्वगंधा, झिंक, डी व्हिटॅमिन, बायोटिन. वर सिक्स पॅकवाल्या माणसाचा फोटो. माझं वय 43, कोर्स सुरू केला तेव्हा वजन 108 किलो, कंबर 112 सेंटीमीटर, म्हणजे त्या फोटोशी आपला काही संबंध नाही.

घेतल्या कशाला, तर वर्षभर इच्छाच होत नव्हती, झाली तरी ताठरता मधेच सोडून जायची, दिवसा खुर्चीतच डोळा लागायचा आणि छाती अशी सुटली की टीशर्ट ढगळ घ्यायला लागलो. हे सांगणार कुणाला, डॉक्टरकडे जायची लाज, मग रात्री एक वाजता मोबाईलवर जाहिरात दिसली आणि दाबलं बटन. त्याआधी एक टेस्ट तेवढी केली होती, तीपण भर दुपारी जेवून, टोटल टेस्टोस्टेरॉन (रक्तातलं एकूण पुरुषी हार्मोन) 248 आलं, म्हणजे कमीच.

आता कॅप्सूलचा अनुभव. पहिले पंधरा दिवस एकदम भारी वाटलं, आता कळतंय की ते मनाचे खेळ होते. मग करपट ढेकर सुरू झाले, आणि बायको म्हणाली तुझ्या घामाला मेथीचा वास मारतोय (खरंच मारतो, मेथीचं तसं असतंच). बाकी बेडरूममध्ये काडीचा फरक नाही. पण तीन महिन्यांनी टेस्ट केली तर आकडा 512! म्हणलं चला, आतून काम चालू आहे, बाहेर दिसेल हळूहळू, आणि अजून दोन डब्या मागवल्या.

शेवटी बायकोनेच ओढून हार्मोनच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी दोन्ही रिपोर्ट पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, आकडा दुप्पट झाला आणि तुम्हाला काहीच जाणवलं नाही, हे तुम्हाला तरी पटतंय का?" डबी मागितली, मागची बारीक अक्षरं वाचली, बायोटिन 10 मिलीग्रॅम. तर भानगड अशी की काही लॅबच्या टेस्टची पद्धतच अशी असते की रक्तात बायोटिन (हे एक व्हिटॅमिनच) जास्त असलं तर टेस्टोस्टेरॉन खोटंच वाढलेलं दिसतं. आठवडाभर सगळं बंद करायला लावलं, सकाळी लवकर, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी रक्त दिलं (हे हार्मोन सकाळी सगळ्यात जास्त असतं, म्हणून दुपारची माझी पहिली टेस्ट तशी बिनकामाचीच होती). आले 291 आणि 284. म्हणजे तीन महिने मी रिपोर्टला खुराक घालत होतो.

मग त्यांनी पोटाचं गणित सांगितलं, जे एकाही जाहिरातीत नव्हतं. चरबी म्हणजे नुसतं साठवलेलं तेल नाही, तिच्यात अ‍ॅरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, ते आपल्याच टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हार्मोन, करून टाकतं. ते इस्ट्रोजेन आणि चरबीतून सुटणारी सूज आणणारी रसायनं मेंदूला गप्प करतात, मेंदूकडून वृषणांना जाणारा एलएच नावाचा निरोप कमी होतो, आणि टेस्टोस्टेरॉन कमी झालं की पोटाची चरबी अजून वाढते, गोल गोल चालूच. त्यात इन्सुलिन वाढलेलं असतं म्हणून लिव्हर एसएचबीजी हे प्रोटीन कमी बनवतं, ते टेस्टोस्टेरॉनला रक्तातून वाहून नेतं, ते घटलं की टोटल आकडा आपोआप खाली दिसतो. म्हणून त्यांनी फ्री टेस्टोस्टेरॉन (प्रोटीनला न चिकटलेलं, मोकळं) पण काढलं, ते काठावर होतं. घोरण्याचं विचारलं, झोपेची टेस्ट केली, स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकायचा आजार, निघाला. खुर्चीतल्या झोपेचं कारण ते.

आणि मला सगळ्यात जास्त हादरवणारं म्हणजे ताठरतेचा प्रश्न नुसता हार्मोनचा नसतोच. लिंगाच्या रक्तवाहिन्या 1 ते 2 मिलिमीटरच्या, हृदयाच्या 3 ते 4 च्या, त्यामुळे बिघाड आधी बारीक नळीत दिसतो आणि हृदयाचा त्रास काही वर्षांनी. मी लाजेपायी वर्ष घालवलं ते नेमकं हे. शुगर काठावर, बीपी जास्त, दोन्ही मला माहीतच नव्हतं.

मी इंजेक्शनचं विचारलं, कारण शॉर्टकटची खोड जात नाही. तर म्हणाल्या दुसरं मूल हवंय ना, मग नाही, बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं आणि त्यासोबत शुक्राणू बनवणंही थांबवतं, रक्त घट्ट होतं ते वेगळंच. 2004 साली छापून आलेला इटलीतला एक अभ्यास त्यांनी सांगितला, 110 लठ्ठ पुरुष, सगळ्यांना ताठरतेचा त्रास, ज्यांचं वजन आणि व्यायाम नीट सांभाळला त्यांच्यातल्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचा त्रास दोन वर्षांत गेला. तिसरा हिस्सा, सगळे नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

नऊ महिने झाले. वजन 94, कंबर 99, रात्री श्वासाचं मशीन लावून झोपतो, सकाळचं टेस्टोस्टेरॉन 376. पहाटेची ताठरता परत आली, इच्छा आहे, अजून कधीकधी दगा होतो, त्यासाठी त्यांनी लिहून दिलेली गोळी आहे. छाती मात्र फारशी उतरली नाही, ढगळ टीशर्ट चालूच.

कॅप्सूलला 5 पैकी 1 स्टार. कुणाच्या "नैसर्गिक" गोळीने अर्ध्या तासात फरक पडत असेल तर अजूनच घाबरा, असल्या मालात चोरून सिल्डेनाफिल (ताठरतेचं औषध) मिसळलेलं याआधी सापडलेलं आहे आणि हृदयाची नायट्रेटची गोळी चालू असलेल्या माणसाचं बीपी त्याने धाडकन पडतं. कंपनीला तक्रार केली तर उत्तर आलं की तुम्ही कोर्स अर्धवट सोडलात, सहा महिने पूर्ण करा. दोन डब्या सीलबंद पडल्यात, परत घेत नाहीत, आणि कुणाला फुकट द्यायचा जीव होत नाही.