निफ्टी इंडेक्स फंडाची एसआयपी, पडत्या बाजारात कशी वाटली

बाजार चढत असताना सगळेच फंड भारी वाटतात, म्हणून मुद्दाम पडझडीतला रिव्ह्यू लिहितोय. माझी निफ्टी ५० इंडेक्स फंडात (निफ्टीतल्या ५० मोठ्या कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेऊन ठेवणारा फंड) डायरेक्ट प्लॅनची, म्हणजे मधल्या एजंटाशिवाय, एसआयपी (दर महिन्याचा ठरलेला हप्ता) आहे, रिटायरमेंटसाठी, हप्ता दर महिन्याच्या ७ तारखेला.

सप्टेंबर २०२४ मध्ये निफ्टी २६,२७७ ला गेला आणि तिथून जो घसरायला लागला तो फेब्रुवारीपर्यंत सलग पाच महिने खालीच, आणि मग आला ७ एप्रिल २०२५, ट्रम्पच्या टॅरिफनंतरचा सोमवार, सकाळी २१,७४३ पर्यंत खाली. नेमका माझ्या हप्त्याचा दिवस. आमच्या बडोद्यात शेअरबाजार म्हणजे घरोघरीचा विषय, सेवउसळच्या गाडीवर उभं राहिलं तरी बाजूचा माणूस मोबाईल पुढे करून "बधुं तूटी गयुं" (सगळं कोसळलं) सांगतो. मेव्हणा तर संध्याकाळी घरीच येऊन बसला, "दाजी, थांबवा हो ती एसआयपी, अजून खाली आलं की परत चालू करू." म्हटलं अरे, अजून खाली म्हणजे नेमकं कुठं, ते तुला कोण सांगणार? हप्ता जाऊ दिला. त्या दिवशी निफ्टी २२,१६१ च्या आसपास बंद झाला, म्हणजे सप्टेंबरच्या टॉपला जेवढे युनिट मिळायचे त्यापेक्षा तेवढ्याच पैशात साधारण १८-१९ टक्के जास्त. मला या प्रॉडक्टमधली सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच, की स्वस्तात खरेदी करायला वेगळी हिंमत गोळा करावी लागत नाही, मॅंडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची बँकेला दिलेली परवानगी) आपलं काम करून मोकळं होतं.

दुसरं म्हणजे कुठला शेअर ठेवायचा कुठला काढायचा हे डोक्याला नाही. इंडेक्सची फेररचना वर्षातून दोनदा होते, एखादा शेअर निफ्टीतून बाहेर गेला की सहसा फंडातूनही आपोआप जातो. सुटे शेअर घेऊन बसलेले लोक पडलेला शेअर "परत येईल" म्हणून वर्षानुवर्षं सांभाळतात, ते इथे होत नाही.

आता तोटे. इंडेक्स फंड पडण्यापासून वाचवत नाही, बाजार जेवढा पडेल तेवढा पडतो. जानेवारी २०२० चा १२,४३० चा निफ्टी २४ मार्चला ७,५११ पर्यंत आला होता, दोनेक महिन्यांत जवळजवळ ४० टक्के! ते नोव्हेंबरपर्यंत भरून निघालं म्हणून लोक ते विसरले, पण जानेवारी २००८ ची ६,३५७ ची पातळी कायमची मागे पडायला २०१४ चा मार्च उजाडला होता. म्हणून पोरांची फी, घराचं डाउनपेमेंट, पाच-सात वर्षांत लागणारा कुठलाही पैसा यात टाकू नका, तो एफडीतच बरा. ज्यांचा असा पैसा अडकलेला असतो तेच घाबरून तळाला विकतात, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा.

अजून एक त्रास म्हणजे फोन. माझ्या बँकेतून एक साहेब फेब्रुवारीत मागेच लागले होते, "सर इंडेक्समध्ये काही नाही राहिलं, डिफेन्सवाल्या फंडात स्विच करा." स्विच म्हणजे विक्रीच धरतात हे त्यांनी सांगितलंच नाही. एक वर्षाच्या आतला नफा असेल तर २० टक्के टॅक्स, त्यापुढचा असेल तर वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के. चांगलाच राग आला. असं कोणी सांगितलं तर आधी टॅक्सचा हिशोब लेखी मागा.

घेणार असाल तर डायरेक्ट प्लॅन, खर्च कमी, ट्रॅकिंग एरर (फंडाचा परतावा इंडेक्सपासून किती भरकटतो ते) कमी असलेला कुठलाही मोठा फंड चालेल. तारीख पगारानंतरची ठेवा आणि खात्यात दोन हप्त्यांएवढी रक्कम राहू द्या, मॅंडेट बाउन्स झालं की बँक चार्ज लावते. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा स्टार त्या ॲपचा कापलाय, पडझडीच्या दिवसात एसआयपी पॉज करायचं बटण पहिल्याच स्क्रीनवर आणून ठेवतात.