हँड राउटरची बॉडी: दोन फाकांची की नळकांड्याची?

हँड राउटर म्हणजे लाकडात खाचा आणि कडा कोरणारं हातातलं यंत्र. जुळणीच्या दृष्टीने त्याची दोन फाकांची, म्हणजे उभ्या दोन अर्ध्यांची, बॉडी सोपी वाटते. एक फाक टेबलावर उताणी ठेवायची, तिच्या खाचांत आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग), फील्ड (त्याभोवतीची स्थिर गुंडाळी), स्विच, कार्बन ब्रश (आर्मेचरला वीज पोचवणारे) बसवायचे, वरून दुसरी फाक, मग स्क्रू. सगळं डोळ्यांसमोर. वैताग एकच: मिटताना एखादी वायर कडेत चेंगरते, आणि ते कळतं सगळे स्क्रू आवळून झाल्यावर.

नळकांड्यात, म्हणजे एकसंध गोल बॉडीत, भाग वरून एकामागून एक सरकवावे लागतात. वायरी आत कुठे गेल्या ते दिसत नाही. पण राउटर मिनिटाला २०,०००हून जास्त फेरे घेतो आणि बिटवर (कापणाऱ्या पात्यावर) आडवा जोर येतो. बेअरिंगचं घर दोन तुकड्यांत चिरलेलं असलं तर सांध्यातली बारीकशी तफावतही कोलेटपाशी (बिट धरणाऱ्या चिमट्यापाशी) थरथर बनून उतरते. शिवाय बेसची (लाकडावर टेकणाऱ्या तळाची) पकड गोल अंगावरच नीट बसते.

माझं मत नळकांड्याकडे. त्यात सुधारणा हवी ती वायरिंगची: वायरींना ठरलेल्या खाचा, सोल्डरऐवजी खटकन बसणारे कनेक्टर, आणि उलटा बसूच शकणार नाही असा स्विच. स्क्रूही सगळे एकाच मापाचे असावेत. चार मापांचे असले की लांब स्क्रू नेमका उथळ भोकात जातो.

दोन फाका लहान ट्रिमरला (एका हाताने धरायच्या छोट्या राउटरला) चालतील.