एसपीएफ ५० ची तीन सनस्क्रीन: काही महिन्यांच्या वापरानंतर

तिन्हींवर आकडा सारखाच, एसपीएफ ५०. मागे छापलेले घटक मात्र वेगळे, आणि रोजच्या वापरात खरा फरक त्यांनीच पडतो. एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीपासूनच्या, म्हणजे त्वचा भाजणाऱ्या अतिनील किरणांपासूनच्या संरक्षणाचं माप आहे. यूव्हीएचं, म्हणजे त्वचेत खोलवर जाणाऱ्या अतिनील किरणांचं काय, ते फिल्टर (किरण अडवणारे घटक) वाचल्यावरच कळतं.

पहिलं जुन्या धाटणीचं: अ‍ॅव्होबेन्झोन आणि ऑक्टोक्रिलीन. अ‍ॅव्होबेन्झोन ३५७ नॅनोमीटरच्या आसपासचं यूव्हीए उत्तम शोषतं, पण उन्हात स्वतःच तुटत जातं. ऑक्टिनॉक्सेट हा फिल्टर सोबत असेल तर आणखी लवकर. त्याला सावरायला ऑक्टोक्रिलीन घालतात. ऑक्टोक्रिलीन जुनं होत गेलं की त्यातून बेन्झोफेनोन हे संशयित कर्करोगकारक रसायन तयार होतं, म्हणून गेल्या उन्हाळ्यातली ट्यूब सरळ टाकून द्यावी. घामाबरोबर डोळ्यांत उतरलं की चुरचुरतं. शिवाय पांढऱ्या कॉलरवर नारिंगी डाग पडतात, कारण अ‍ॅव्होबेन्झोनचा पाण्यातल्या लोहाशी संयोग होतो. क्लोरीनच्या ब्लीचने असा डाग जात नाही, उलट पक्का होतो. आधी सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात कपडा भिजवावा.

दुसरं सगळ्यांत आवडलं: बेमोट्रिझिनॉल, डीएचएचबी आणि एथिलहेक्सिल ट्रायाझोन. पहिला फिल्टर यूव्हीए-यूव्हीबी दोन्ही अडवतो, दुसरा यूव्हीए, तिसरा यूव्हीबी, आणि तिन्ही उन्हात टिकाऊ. डोळ्यांना त्रास नाही, कपड्यांवर नारिंगी डाग नाही. मात्र हे फिल्टर तेलात विरघळवावे लागतात, त्यामुळे तेलकट चेहरा दुपारी चमकतो. खालचं मॉइश्चरायझर पुरतं मुरायच्या आत लावलं तर सनस्क्रीनच्या वळ्या निघतात. दहा मिनिटं थांबावं.

बाजारही याच दिशेने सरकतो आहे. हवाईत २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट या जुन्या फिल्टरच्या सनस्क्रीनची विक्री बंद आहे, आणि युरोपने २०२२ मध्ये ऑक्सिबेन्झोनची मर्यादा खाली आणली.

तिसरं निव्वळ झिंक ऑक्साइडचं. नाजूक त्वचेला मानवतं, पण सावळ्या चेहऱ्यावर राखाडी थर दिसतो. कण बारीक केले की थर कमी होतो, पण यूव्हीएपासूनचं संरक्षणही थोडं घटतं. थर नको म्हणून हात आखडतो, हाच याचा मोठा तोटा. एसपीएफ मोजतात तो दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून. चेहऱ्याला साधारण सव्वा ग्रॅम लागतं. दिवसातून दोनदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब तीन आठवड्यांत संपायला हवी. दोन महिने पुरत असेल तर ५० चं संरक्षण मिळत नाही, फिल्टर कोणताही असो.