अठरा इनिंग बसू देणारं हॉटेल (फोंडा, गोवा)

बोर्डावरचं नाव पावसाने कधीच गेलंय, सगळे पिंपळाकडचं हॉटेल म्हणतात, मीपण तेच म्हणतो. फोंडा बाजारातून चालत पाच मिनिटं. सकाळी साडेपाचला उघडतं आणि माझ्यासाठी मुद्दा तोच, कारण अमेरिकेत संध्याकाळी बेसबॉल सुरू होतं तेव्हा आपल्याकडे पहाट असते, आणि आमच्या वाड्यावर रेंज म्हणजे आंब्याखाली उभं राहिलं तर एक दांडी. घरचं इंटरनेट नेमकं वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे तिकडच्या बेसबॉल फायनलच्या, आठवड्यात बंद पडलं. फोन केला की "उद्या माणूस येतो".

तर २८ ऑक्टोबर २०२५, मंगळवार. डॉजर्स विरुद्ध टोरंटो ब्लू जेज, सातपैकी तिसरी मॅच. मी ब्लू जेजवाला, कारण मावसभाऊ टोरंटोजवळ ब्रॅम्प्टनला आहे आणि त्याने लहानपणी एक निळी टोपी पाठवली होती, बस एवढंच कारण, पण लागलं ते लागलं. १९९३ नंतर यांनी वर्ल्ड सिरीज जिंकलेली नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकलेली, म्हणलं साडेनऊपर्यंत आटपेल.

खिडकीचं टेबल धरलं, स्टीलच्या पाण्याच्या तांब्याला मोबाईल टेकवून उभा केला, इयरफोन एकाच कानात. दुसरा कान हॉटेलसाठी राखीव, कारण गल्ल्यावर मालकाचा एक जुना स्पीकर असतो आणि सकाळी आठपर्यंत त्यावर फक्त नाट्यसंगीत आणि अभंग. अभिषेकीबुवा मंगेशीचे, म्हणजे इथलेच, त्यामुळे इथे ते जवळजवळ घरच्या माणसासारखे वाजतात. स्पीकरचा खालचा आवाज फाटलाय, तबल्याचा डग्गा पत्र्यावर पडल्यासारखा येतो, पण गळा एकदम स्वच्छ ऐकू येतो. एका कानात स्टेडियमचा ऑर्गन, दुसऱ्यात पेटी, आणि मधूनच दोन्ही एका सुरात आल्यासारखं वाटतं तेव्हा हसायला येतं. आठनंतर मालकाचा भाचा गल्ल्यावर बसतो आणि रिमिक्स सुरू. गोव्यातला सनबर्न हा नाचगाण्याचा महोत्सव २०२५ला मुंबईला गेला याचं त्याला अजून दुःख आहे, मामा म्हणतो "बरें जालें". मी मामाच्या बाजूचा.

खाण्याकडे येतो. पातळभाजी नंबर एक. वाटाणा पूर्ण शिजलेला पण फुटलेला नाही, रस्सा पाणचट नाही, खोबरं ताजं. पाव गरम असतात कारण पोदेर (पाववाला) साडेसहाला सायकल घेऊन येतो तेव्हा मी तिथेच असतो, त्याआधी गेलात तर कालचे मिळतील, हे लक्षात ठेवा. मिरची मोठी, पीठ जरा जाड, थंड झाली की चामडं. मला माहीत आहे कारण माझी थंड झाली, सातव्या इनिंगला डॉजर्सच्या ओटानीने होमरन (आपल्याकडचा सिक्सर म्हणा) मारून ५-५ केलं आणि मी मिरची हातात धरून तसाच बसलो. त्या दिवशी तो बाबा नऊ वेळा बेसवर गेला, नऊ! शेवटी शेवटी तर आमचे लोक त्याला बॉल टाकेनातच, मुद्दाम वॉक देऊन, म्हणजे न खेळवताच पहिल्या बेसवर सोडून, मोकळे.

चहा मात्र काढा आहे. साखर इतकी की चमचा उभा राहील. मी दोनदा परत पाठवला. २०२६पासून बेसबॉलमध्ये मशीनकडे दाद मागता येते ना, टाकलेला चेंडू बॉल (झोनच्या बाहेर) की स्ट्राईक (आत) हे अंपायरचं पटलं नाही तर बॅटरने हेल्मेटवर टप्पल मारायची, टीमला दोन चॅलेंज, बरोबर निघालं तर चॅलेंज शिल्लक. इथे मालकच अंपायर, त्यामुळे माझे दोन्ही फुकट गेले.

नऊ इनिंग झाल्या, एरवी मॅच इथे संपते, पण बरोबरी. दहा, अकरा. बाराव्यात आमच्या लोकांनी तिन्ही बेसेस भरलेले आणि डॉजर्सने त्यांचा जुना पिचर क्लेटन कर्शॉला आणलं, ज्याने निवृत्ती आधीच जाहीर केलेली, आणि म्हाताऱ्याने आमचा माणूस आउट काढला. मोबाईल नऊ टक्के. प्लग एकच, देव्हाऱ्याच्या फळीखाली, आणि त्यात गणपतीची माळ लावलेली. भाच्याने काही न विचारता माळ काढली, माझा चार्जर लावला. एवढ्यासाठी मी त्याचं रिमिक्स माफ करतो.

दर थोड्या वेळाने फडकं मारता मारता मालक विचारायचा, "अजून सोंपूंक ना?" मी मान हलवायचो. ऑफिसला फोन करून पूर्ण दिवसाची रजा सांगितली, कारण काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. पाच तास एका टेबलावर बसलोय म्हणून उठायला लागलो तर म्हणाला, "बस मरे, खंय वता." जत्रेतलं नाटक पहाटेपर्यंत लांबलं तर मधेच कोण उठतं का, असं काहीसं पुटपुटला आणि आत गेला. बाहेर "टेबल अडवू नये" अशी पाटी लावणारी हॉटेलं फोंड्यात काय कमी नाहीत.

अठराव्या इनिंगला डॉजर्सच्या फ्रेडी फ्रीमनने होमरन मारला, ६-५, खेळ खलास. सहा तास एकोणचाळीस मिनिटं. सव्वाबारा वाजून गेलेले आणि आतून हुमणाचा (माशाच्या आमटीचा) वास. हरलेल्या माणसाने काय करायचं, ताट मागवलं. बांगड्याचं हुमण, तिरफळ बरोबर पडलेलं, सोबत किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), सोलकढी आणि तोंडाक (कडधान्याची रस्साभाजी). शेजारच्या टेबलावर मंगळवार पाळणारे भाजीच्या ताटावर. तळलेला बांगडा बाहेरून कुरकुरीत, काट्याजवळ अजून रसाळ, सोलकढी जरा पाणचट. पातळभाजी, चार पाव, दोन मिरच्या, चार चहा आणि ताट मिळून ३३० रुपये. एवढे तास बसल्याचं काही लावलं नाही.

सातवी मॅच २ नोव्हेंबरला, रविवार, त्यात तुळशीचं लग्न, हॉटेल तुडुंब. टेबल नाही, गल्ल्याला टेकून उभा. नवव्यात दोन आउट बाकी असताना डॉजर्सच्या मिगेल रोहासने होमरन मारून बरोबरी केली, अकराव्यात विल स्मिथच्या होमरनने ते पुढे गेले आणि ५-४ने जिंकले. मालक उसाची दांडी बाजूला ठेवत म्हणाला, "जिखलें कोण?" मी काही बोललो नाही. त्याने न सांगता कमी साखरेचा चहा दिला.

पाचपैकी चार. चहासाठी एक कापलाय, तो शेवटचा कप धरूनसुद्धा. सोमवारी बंद. रविवारी सातच्या आत जा, चार्जर घरून न्या, प्लग एकच आहे आणि एप्रिल ते ऑक्टोबर पहाटे तो माझा आहे.